पहाटेच्या गारठ्यात गाडी उठत नाही तेव्हा: दोष कसा शोधायचा

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजवर तासभर बसलात तर हे ऐकायला मिळतंच. "पहाटं किका मारून मारून पाय दुखायला लागला, पण गाडी काही उठंना," असं माणूस सांगतो. मिस्त्री किक मारतो आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू होते. कारण तोवर अकरा वाजलेले असतात, ऊन तापलेलं असतं आणि गाडी चार-पाच किलोमीटर चालून आलेली असते. मग मिस्त्री अंदाजाने प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो, जमलं तर नवी बॅटरीही गळ्यात मारतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

यात मिस्त्रीचा फारसा दोष नाही. थंड गाडीतला बिघाड गरम गाडीत दिसत नाही. म्हणून या दुखण्याचं अर्धं निदान मालकालाच करावं लागतं, तेही पहाटे, गाडीला कुणी हात लावायच्या आधी.

आपल्याकडची थंडी किती, हेही लक्षात घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २९ डिसेंबर २०१८ ला पारा २ अंशांपर्यंत उतरला होता, पण असे दिवस विरळाच. एरवी हिवाळ्यात पहाटे ८ ते १२ अंश असतात. याच कंपन्यांच्या याच गाड्या हिमाचलात शून्याच्या आसपासही चालतात. त्यामुळे १० अंशांना धडधाकट गाडी दोन-तीन किकांत किंवा सेल्फच्या दोन प्रयत्नांत चालू व्हायलाच हवी. होत नसेल तर कुठला तरी भाग आधीच कमजोर झालेला आहे, थंडीने तो फक्त उघडा पाडला.

आधी रीत तपासा

कार्बोरेटरची गाडी असेल तर रात्री पेट्रोलचा कॉक बंद करा. सकाळी तो चालू करून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरते. चोक पूर्ण ओढा. चावी बंद ठेवूनच दोन-तीन किका सावकाश मारा, म्हणजे रात्रभर घट्ट झालेलं ऑईल हलतं आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल जातं. आता चावी चालू करून किक मारा. ॲक्सिलेटरला हात लावू नका.

हा शेवटचा मुद्दा बहुतेकांना पटत नाही. किक मारताना मूठ पिळायची सवय सगळ्यांच्या हातात बसलेली असते. पण चोकची वाट इंजिनच्या ओढीवर पेट्रोल खेचते. मूठ पिळली की हवेला मोठा रस्ता मिळतो, ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. गाडी चालू झाल्यावर अर्धा-एक मिनिटाने चोक अर्धा करा, मग बंद. चोक ओढूनच गावाबाहेरपर्यंत गेलात तर प्लग काळा होतो आणि उद्याचा त्रास आजच तयार होतो.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीची रीत वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्या या प्रकारच्या आहेत. चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक झूंऽऽ असा आवाज येतो. पेट्रोलचा पंप नळीत दाब भरत असतो. तो आवाज थांबेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. चोक शोधू नका आणि मूठ पिळू नका. किती जादा पेट्रोल द्यायचं ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. किल स्विच आणि साइड स्टँड बघा, हे सांगायची गरज नसावी, पण हुरड्याच्या शेतातून निघताना अर्धा तास धक्के मारून झाल्यावर किल स्विच सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

रीत बरोबर असूनही गाडी उठत नसेल तर पुढे चला.

पहाटे काय बघायचं, काय ऐकायचं

इंजिनला तीन गोष्टी लागतात: प्लगवर करंट, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. यातलं काय कमी पडतंय ते गाडी स्वतःच सांगते. पहिल्या पाच-सात प्रयत्नांत पुढच्या खुणा टिपा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. आवाज रेकॉर्ड केलात तर आणखी चांगलं, मिस्त्रीला ते ऐकवता येतं.

सेल्फ जड, रडत फिरतोय किंवा नुसता टक-टक करतोय? बॅटरी. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन एकदाही फट करत नाही? करंट नाही किंवा पेट्रोल पोचत नाही. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा उग्र वास येतोय? पेट्रोल पोचतंय, जळत नाही, प्लगकडे जा. वास अजिबात नाही? कॉक, चोक, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बघा. चालू होते आणि दोन सेकंदांत मरते, चोक ओढला की टिकते? पेट्रोल कमी मिळतंय. किक नेहमीपेक्षा हलकी, पोकळ लागतेय? ही खूण सगळ्यात महागडी, तिच्याबद्दल खाली सविस्तर आहे.

बॅटरी

सेल्फच्या गाड्यांत सुरुवात इथूनच करा, कारण तपासणी सोपी आणि फुकट आहे. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑईलमुळे सेल्फला जास्त जोर लागतो. दुचाकीची बॅटरी मुळातच एवढीशी, शंभर सीसीच्या गाडीत तीन-चार अँपिअर-तासांची.

इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गावात चार जणांत एक असला तरी पुरे. गाडी रात्रभर उभी असताना पहाटे बॅटरीच्या टोकांना लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर साधारण अर्धी आणि १२ च्या खाली असेल तर ती बसत आली. आता मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर उभ्याने कितीही व्होल्ट दाखवत असली तरी बॅटरीत दम नाही. तिसरी तपासणी गाडी चालू झाल्यावर: थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. येत नसतील तर बॅटरी निर्दोष असू शकते, चार्जिंगच होत नाही. रेग्युलेटर किंवा कॉइल बघावी लागेल. नवी बॅटरी टाकली तरी महिन्याभरात तीही बसेल.

मीटर नसेल तर चावी चालू करून हॉर्न दाबा आणि सेल्फ मारताना न्यूट्रलच्या दिव्याकडे बघा. हॉर्न बसक्या आवाजात वाजला आणि दिवा विझायला लागला तर उत्तर मिळालं. बॅटरी विकत घ्यायच्या आधी मात्र टोकं उघडून बघा. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, कोरडी करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. बऱ्याच "खराब" बॅटऱ्या एवढ्यावर सुधारतात. आणि जादा एलईडी, म्युझिकल हॉर्न, लपवलेला जीपीएस यांची वायर थेट बॅटरीला जोडली असेल तर रात्रभर थोडा थोडा करंट कुठे जातो, हे कोडं राहत नाही.

जुन्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत प्लगचा करंट बॅटरीवर अवलंबून नसतो. बॅटरी मेली तरी त्या किकवर निघतात. अशी गाडी किकवरही उठत नसेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही.

प्लग

प्लग काढायचा तो चार-सहा फसलेल्या प्रयत्नांनंतर लगेच, कारण त्यावरचा पुरावा ताजा असतो. आधी आजूबाजूची धूळ फुंकून किंवा ब्रशने काढा. कापसाच्या रानातून फिरणाऱ्या गाडीच्या प्लगच्या खाचेत मातीचा थर असतो, तो सिलिंडरमध्ये पडला तर भलतंच दुखणं मागे लागेल.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट कमी आहे किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचलंच नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे चोक ओढून चालवणं, चोंदलेला एअर फिल्टर किंवा नुसतंच गल्लीतल्या गल्लीत फिरणं. तेलकट काळा प्लग म्हणजे ऑईल वर येतंय. फिकट तपकिरी असेल तर प्लगला दोष देऊ नका.

आता करंट बघा. काढलेला प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी जवळ असेल तर भडका उडतो. प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. कॅप हवेत मोकळी ठेवून किका मारू नका, सीडीआय (ठिणगीचा करंट सोडणारा डबा) जळू शकतं. निळसर-पांढरी, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-तांबूस, रेंगाळणारी ठिणगी दुपारी गाडी चालवते, पहाटे नाही. इंजेक्शनच्या गाडीत ही चाचणी घरी न केलेली बरी. नवा प्लग लावून बघणं त्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित.

ठिणगी कमजोर असेल तर गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, बघा. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. प्लग झिजत जातो तसा गॅप वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं अवघड होतं. मग कॅप आणि जाड वायर बघा. नदीकाठी, कॅनॉलच्या पट्ट्यात, उसाच्या फडाजवळ पहाटे दव पडतं आणि तडकलेल्या कॅपमधून करंट ओलाव्यातून पळतो. अंधारात किक मारताना वायरीवर निळसर किडे वळवळल्यासारखे दिसले तर वायर गेली. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, विशेषतः गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या खोलीत लावत असाल तर.

प्लग गॅसवर तापवून लावायची युक्ती सर्वांना माहीत आहे. ती काम करते, कारण ओलावा आणि पेट्रोल उडून जातं. पण रोज तापवावा लागत असेल तर तो उपचार नाही. आणि इंजिनखाली चिंध्या किंवा काटक्या पेटवून शेकणारे अजूनही दिसतात. वर पेट्रोलची टाकी आहे, एवढंच सांगतो.

कार्बोरेटर: बहुतेक दुखणी इथे सापडतात

थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. द्रव पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. म्हणून चोक लागतो: जास्त पेट्रोल सोडायचं, म्हणजे त्यातलं निदान पुरेसं तरी वाफ होईल. चोकचीच वाट चोंदली असेल तर उन्हाळाभर कळत नाही. ते कळायला दिवाळी उलटावी लागते.

चोक काम करतोय का, ते तपासायची खात्रीची रीत अशी: गाडी चांगली गरम झाल्यावर, रेसिंगवर (मूठ न पिळता, जागेवरच) चालू असताना चोक पूर्ण ओढा. इंजिन गुदमरायला हवं, आवाज बदलायला हवा, बहुधा बंद पडायला हवं. काहीच फरक पडला नाही तर चोक नावालाच आहे. केबल तुटली असेल, दट्ट्या अडकला असेल किंवा चोकचा जेट बंद असेल.

उलट, गाडी गरम झाल्यावरही अर्ध्या चोकशिवाय रेसिंगवर टिकत नसेल तर पायलट जेटवर संशय घ्या. केसाएवढं भोक असतं ते. पेट्रोल वाटीत सुकून चिकट थर बसला की ते बंद होतं. मुख्य जेट मोठा असल्याने गाडी रस्त्यावर झकास पळते आणि मालकाला वाटतं कार्बोरेटर ठीक आहे. हा जेट हवेच्या दाबाने आणि कार्ब क्लीनरने साफ करायचा. पिनेने किंवा तारेने कोरलात की भोक मोठं झालं, मग गाडी कायमची पेट्रोल पिणार.

तिसरी शक्यता: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर. थंडीत रबर कडक होतं, चीर उघडते, आगाऊ हवा आत शिरते. गाडी रेसिंगवर असताना त्या जोडावर थोडं साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला की चीर सापडली.

वाटीच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून तो सैल करा. पेट्रोल सलग धारेने यावं. थेंब-थेंब आलं तर कॉकची जाळी किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसा तीस आणि रात्री दहा अंश असा फरक पडतो, अर्धी रिकामी टाकी असेल तर आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमतो. म्हणून हिवाळ्यात टाकी निम्म्याच्या वर ठेवलेली चांगली.

पेट्रोलबद्दल थोडं

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, बरंचसं आपल्याच उसाच्या पट्ट्यातून निघालेलं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते पाणी ओढून घेतं. १० अंशांना ताज्या ई-२० वर चांगली गाडी चालू व्हायला अडचण येत नाही, कारण पेट्रोलमधले हलके अंश आधी वाफ होऊन पेटतात. पण हेच हलके अंश साठवणीत सगळ्यात आधी उडून जातात. म्हणून घरातली माणसं ऊसतोडीला गेली आणि गाडी दोन-तीन महिने ओसरीत उभी राहिली, तर त्या पेट्रोलवर पहाटे किका मारणं म्हणजे ओल्या काड्या ओढणं. वाटी रिकामी करा, ताजं पेट्रोल घाला, मग पुढचा विचार. किराणा दुकानातल्या बाटलीतलं पेट्रोल किती जुनं आणि त्यात काय मिसळलंय, हे सांगता येत नाही. तपासणीच्या काळात तरी ते टाळा.

इंजेक्शनची गाडी

इथे बॅटरी सगळ्यात महत्त्वाची, कारण पंप, कॉम्प्युटर आणि प्लग तिघंही तिच्यावर जगतात. बॅटरी पार मेली असेल तर धक्का मारूनही बहुधा उपयोग होत नाही.

घरी करता येण्यासारखी एक नामी चाचणी आहे. पहाटे सेल्फ मारायच्या आधी चावी चालू करा, पंपाचा आवाज थांबू द्या, चावी बंद करा. असं तीनदा करा, मग सेल्फ मारा. गाडी झटकन उठली आणि एरवी उठत नसेल, तर नळीतला दाब रात्रभरात गळून जातोय. पंप किंवा त्यातला झडपेचा भाग तपासायला सांगा. पंपाचा आवाजच आला नाही तर फ्यूज बघा.

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा चालू गाडीतही पेटलेला राहत असेल तर अंदाज बांधत बसू नका, स्कॅनर असलेल्या ठिकाणी जा. तापमानाचा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटरला थंड इंजिन गरम वाटतं, तो जादा पेट्रोल देत नाही, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. टाकी रिझर्व्हवरच चालवायची सवय या गाड्यांत सोडा, पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

करंट चांगला, पेट्रोल ताजं, चोक ठीक, तरी पहाटे गाडी उठत नाही आणि उन्हात उठते. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा कार्बोरेटर खोलतात. मी म्हणेन, टॅपेट, म्हणजे सिलिंडरच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणारा भाग, बघा.

"टॅपेट अजिबात वाजत नाहीत, इंजिन एकदम शांत आहे," असं माणसं कौतुकाने सांगतात. ते नेहमीच चांगलं लक्षण नसतं. व्हॉल्व्ह आपल्या जागेत झिजून बसत जातो तसा टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो. गरम इंजिन तेवढ्या दाबावर निभावून नेतं. थंडीत वाफ आधीच कमी, त्यात दाबही कमी, मग पेटणार काय? हलका टिकटिक आवाज असलेलं इंजिन परवडलं.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), पुस्तकातल्या मापाने लावायचे असतात. गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळत बसलंय म्हणून तापलेल्या इंजिनवर कानाने लावलेले टॅपेट पहाटेचा त्रास घालवत नाहीत, कधी कधी वाढवतात.

कॉम्प्रेशनचा अंदाज हाताने येतो. चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबा. एका ठिकाणी ती ठाम अडली पाहिजे आणि जोर दिल्यावर हळूहळू उतरली पाहिजे. सरळ खाली गेली तर दाब निसटतोय. काही मोठ्या इंजिनांत किक हलकी करणारी सोय असते, तिथे ही चाचणी फसते. दाब कमी वाटला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा, प्लग लावा, पुन्हा दाबा. जोर वाढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. काहीच फरक नसेल तर व्हॉल्व्ह. हे एवढं माहीत असलं की "इंजिन काम निघालं" असं कुणी म्हटल्यावर त्याला दोन प्रश्न तरी विचारता येतात.

ऑईलचं थोडक्यात: पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलेल्या गाडीत "जाड ऑईल टाकलं की इंजिन टिकतं" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं, तर थंडीत किक जड आणि सेल्फ मंद होणारच. ज्या गाड्यांना कंपनीनेच जाड ऑईल सांगितलंय तिथे तेच टाका. ऑईलपट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढली असेल तर रात्री कार्बोरेटरची सुई गळतेय. ते ऑईल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

गॅरेजला जाताना

क्रम असा ठेवा: रीत, बॅटरीची टोकं आणि व्होल्ट, प्लग, एअर फिल्टर, ताजं पेट्रोल, चोक, पायलट जेट, टॅपेट, आणि सगळ्यात शेवटी रिंगा-व्हॉल्व्ह. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी चालू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिन्हींचे पैसे जातील.

मिस्त्रीकडे गाडी संध्याकाळीच सोडा. "सकाळी आल्या आल्या, दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावायच्या आधी हिला किक मारा," असं सांगा आणि फोनमधली टिपणं दाखवा. गाडी रात्री शेडमध्ये ठेवू नका, बाहेरच राहू द्या म्हणावं. चोरीची भीती वाटत असेल तर साखळी तुमचीच लावा.